वेबवरील घटक आणि सांध्याचा नियम

इ. स. १८४१ पूर्वीं इंग्लंडांतील कारखाने आपापल्या स्क्रूंचे आटे आपापल्या मर्जीप्रमाणें कापीत असत. एका कारखान्याचा बोल्ट मोडला म्हणजे त्याच जाडीचा दुसऱ्या कारखान्याचा बोल्ट त्या जागीं बसेलच असा भरंवसा नसे. त्या सालीं जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रज्ञानें निरनिराळ्या कारखान्यांतील स्क्रू मिळवून ते मोजले, आणि त्यांच्या सरासरीवरून असें सुचविलें कीं, आट्यांचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा असावा, व प्रत्येक जाडीच्या स्क्रूस एका इंचांत ठराविक आटे असावेत. व्हिटवर्थनें नवा स्क्रू शोधून काढला नाहीं; दोन वस्तु जेथें एकमेकींस मिळतात त्या सांध्याचा नियम तेवढा त्यानें सुचविला. परंतु हा नियम जसजसा सर्वमान्य झाला तसतसा एकानें केलेला भाग दुसऱ्याच्या उपयोगीं पडूं लागला, आणि भाग करणारा कारखाना बुडाला तरी त्या भागावर चालणारें यंत्र अडून बसण्याचें कारण उरलें नाहीं.

आज संगणकाच्या पडद्यावर जीं वेबपृष्ठें आपण वाचतों तीं ज्या सुट्या भागांनीं जुळविलीं जातात, त्या भागांचा इतिहासहि याच प्रश्नाभोंवतीं फिरत आलेला आहे. बटन, तारीख निवडण्याची दिनदर्शिका, उघडणारी व मिटणारी यादी, अर्ज भरण्याची चौकट हे ते भाग होत. यांस घटक म्हणतात, आणि असे तयार घटक एकत्र करून इतरांच्या उपयोगासाठीं ठेवलेल्या संचास घटकसंग्रह किंवा लायब्ररी असें नांव आहे. हे संग्रह कसे उत्पन्न झाले, ते कां बदलले, आणि त्या बदलांतून टिकलें काय, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. आपल्यांपैकीं जे विद्यार्थी संगणकाचें काम शिकत आहेत त्यांस उद्यां याच भागांतून निवड करावी लागणार आहे. तेव्हां हा विषय केवळ कुतूहलाचा नाहीं.

सुट्या भागांची कल्पना वेबपेक्षां जुनी आहे. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत जर्मनींतील गार्मिश या गांवीं नाटोच्या वतीनें संगणकशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. तींत बेल प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिलरॉय यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, प्रोग्राम रचणारांनीं प्रत्येक वेळीं सर्व कांहीं पहिल्यापासून करीत बसूं नये. इतर उद्योगांत तयार भागांची सूची समोर ठेवून हवा तो भाग निवडतां येतो, तशी सोय प्रोग्रामांच्या बाबतींतहि व्हावी. ही कल्पना सर्वांस पटण्याजोगी होती. पण भागांची सूची तयार होण्यापूर्वीं ते भाग कोणत्या सांध्यानें जोडावयाचे हें ठरावें लागतें, आणि अडचण नेहमीं तेथेंच येते.

वेबचा जन्म झाला तो यंत्रासारख्या पृष्ठांसाठीं नव्हे, तर साध्या लेखांसाठीं. जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ च्या मार्चमध्यें आपली योजना मांडली, आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर व पहिला ब्राउझर चालू झाला. लेखांतील मथळा कोणता, परिच्छेद कोणता, दुवा कोणता, हें ब्राउझरास सांगण्यासाठीं एचटीएमएल या भाषेंतील थोडे टॅग पुरेसे होते. पुढें १९९५ मध्यें नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं जाव्हास्क्रिप्ट ही भाषा रचली व पृष्ठांस हालचाल आली. १९९६ च्या डिसेंबरमध्यें सीएसएसचें पहिलें प्रमाण ठरलें व पृष्ठांच्या रूपाचे नियम वेगळे लिहितां येऊं लागले. पण ब्राउझरानें स्वतः दिलेले तयार भाग थोडेच राहिले. लिहिण्याची चौकट, बटन, यादी, खूण करण्याचा चौकोन, एवढ्यावर लोकांचें भागेना. अर्थात् उणे भाग लोक स्वतः करूं लागले.

येथून पहिल्या पिढीच्या संग्रहांस आरंभ होतो. २००५ मध्यें प्रोटोटाइप, २००६ मध्यें मूटूल्स, त्याच वर्षीं याहू कंपनीची वाययूआय, आणि त्याच वर्षीं जॉन रेसिग यांची जेक्वेरी, असे संग्रह एकामागून एक निघाले. निरनिराळे ब्राउझर त्या काळीं एकच आज्ञा निरनिराळ्या रीतीनें पाळीत. हा भेद जेक्वेरी आपल्या पोटांत घाली व रचणारास एकच सोपी रीत देई. २००७ मध्यें तिच्याच आधारावर जेक्वेरी यूआय हा घटकांचा संग्रह निघाला. २०११ मध्यें ट्विटर कंपनींतील मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनीं केलेला बूटस्ट्रॅप हा संग्रह सर्वांस खुला झाला, आणि ज्यांस चित्रकलेचा गंध नाहीं अशांचीं पृष्ठेंहि नीटनेटकीं दिसूं लागलीं.

या संग्रहांचे उपकार मोठे आहेत. पण त्यांत एक उणीव होती ती ही कीं, सर्व घटक एकाच मोकळ्या आवारांत राहात. पृष्ठांतील रूपाचा एक नियम सर्वांस लागू पडे. एका घटकासाठीं लिहिलेला रंग दुसऱ्या घटकावर चढे. एकानें ठेवलेलें नांव दुसऱ्यानें ठेवलें म्हणजे पहिला घटक बंद पडे. कांहीं संग्रहांनीं तर जाव्हास्क्रिप्टच्या मूळ वस्तूंसच आपल्याकडून नवे गुण चिकटविले होते. याचा परिणाम किती दूरवर पोंचतो याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. एका यादींत गुंतलेल्या दुसऱ्या याद्या सरळ करणारी आज्ञा जाव्हास्क्रिप्टच्या प्रमाणांत घालावी असें समितीनें ठरविलें, आणि तिला ‘फ्लॅटन’ हें नांव योजिलें. पण मूटूल्सनें तेंच नांव पूर्वीं आपल्या रीतीनें वापरलें होतें. २०१८ मध्यें ती आज्ञा एका ब्राउझराच्या चांचणी आवृत्तींत येतांच मूटूल्सवर उभें असलेलें एक जुनें पृष्ठ बिघडल्याचें आढळून आलें. समितीपुढें दोन मार्ग होते: जुनीं पृष्ठें मोडूं द्यावीं, किंवा आपलें नांव बदलावें. समितीनें नांव बदललें, आणि ती आज्ञा आज ‘फ्लॅट’ या नांवानें चालते. सार्वजनिक जागेंत एकानें ठोकलेला खुंटा बारा वर्षांनंतर सर्वांच्या वाटेंत आला, असा याचा अर्थ आहे. त्याचबरोबर, जुन्या पृष्ठांचें वाचन चालू राहावें म्हणून प्रमाण ठरविणारांनीं माघार घेतली, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुसऱ्या पिढीनें आवारास भिंती घातल्या. २०१० मध्यें गूगल कंपनीचें अँग्युलरजेएस, २०१३ मध्यें फेसबुक कंपनीचें रिअ‍ॅक्ट, आणि २०१४ मध्यें इव्हान यू यांचें व्ह्यू, अशा चौकटी निघाल्या. रिअ‍ॅक्टचे मूळ कर्ते जॉर्डन वॉक हे होत. या चौकटींनीं, आणि त्यांतहि रिअ‍ॅक्टनें विशेषेंकरून, रचनेची दृष्टीच बदलली. पूर्वीं पृष्ठ रचून मग त्याला घटक चिकटवीत. आतां संपूर्ण पृष्ठ हेंच घटकांचें एक झाड झालें. मोठ्या घटकाच्या पोटांत लहान घटक, त्याच्या पोटांत आणखी लहान. प्रत्येकाचें काम वेगळें, प्रत्येकाची स्थिति त्याच्यापाशीं. माहिती बदलली म्हणजे पडद्यावर काय बदलावयाचें हें चौकट स्वतः ठरवी. मोठमोठीं कामें अनेक माणसांनीं वांटून घेऊन करणें यामुळें शक्य झालें, आणि प्रत्येक चौकटीसाठीं शेंकडों घटकांचे संग्रह निर्माण झाले.

परंतु व्हिटवर्थच्या पूर्वींच्या कारखान्यांची स्थिति येथेंहि आली. रिअ‍ॅक्टसाठीं केलेली दिनदर्शिका अँग्युलरजेएसमध्यें जशीच्या तशी बसेना, आणि व्ह्यूमधील यादी रिअ‍ॅक्टमध्यें चालेना. एकच बटन तीन वेळां करावें लागे, आणि त्यांतील एक दोष तीन ठिकाणीं दुरुस्त करावा लागे. शिवाय चौकटीस आयुष्य असतें. वाययूआयवरील नवें काम याहूनें २०१४ मध्यें थांबविलें. अँग्युलरजेएसला त्याच्या कर्त्यांकडून मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजीं संपला. तत्पूर्वीं २०१६ मध्यें त्याच नांवाची जी नवी चौकट निघाली ती जुनीशीं सरळ जुळणारी नव्हती. ज्या मोठ्या कंपन्यांपाशीं माणसें व पैसा आहे त्यांस असें स्थित्यंतर झेपतें. पण एखाद्या लहान संस्थेनें, ग्रंथालयानें किंवा रुग्णालयानें एकदांच पैसे जमवून आपलें पृष्ठ करून घेतलेलें असतें. तिला सर्व पुन्हां करण्यास सांगणें म्हणजे तिचें पृष्ठ जुनाट व असुरक्षित होऊं देणेंच होय. सांध्याचा नियम खाजगी असला म्हणजे त्याची किंमत शेवटीं असा दुर्बळ मनुष्य भरतो.

यावर उपाय असा कीं, घटक जोडण्याचा सांधा ब्राउझरानेंच द्यावा, आणि तो सर्व ब्राउझरांत एकच असावा. या दिशेनें प्रयत्न पूर्वींहि झाले होते. मायक्रोसॉफ्टनें १९९८ मध्यें एचटीएमएल कंपोनंट्स या नांवाची योजना मांडली. मोझिलानें एक्सबीएल नांवाची दुसरी काढली. पण पहिली एकाच कंपनीच्या ब्राउझरांत चालली व दुसरी दुसऱ्याच्या. दोन्ही कालांतरानें मागें पडल्या. २०११ मध्यें गूगलमधील अलेक्स रसेल यांनीं वेब कंपोनंट्स या नांवानें नवी कल्पना लोकांपुढें ठेवली. तिच्यांत मुख्य गोष्टी तीन आहेत. पहिली, कस्टम एलिमेंट, म्हणजे स्वतःचा टॅग निर्माण करण्याची सोय. दुसरी, शॅडो डॉम, म्हणजे घटकाच्या आंतल्या रचनेभोंवतीं भिंत. बाहेरचा रूपाचा नियम सहसा आंत शिरत नाहीं व आंतला बाहेर सांडत नाहीं. तिसरी, टेम्प्लेट, म्हणजे तयार सांचा. तो पृष्ठांत असतो पण वापरण्यापर्यंत पडद्यावर उमटत नाहीं.

यांतील एक लहानसा नियम विद्यार्थ्यांनीं मुद्दाम ध्यानांत घ्यावा. स्वनिर्मित टॅगच्या नांवांत एक जोडरेघ असलीच पाहिजे. एचटीएमएलचे स्वतःचे टॅग जोडरेघेवांचून असतात, आणि पुढें निघणारेहि तसेच असतील. म्हणून उद्यां प्रमाणांत कोणताहि नवा टॅग आला तरी आज तुम्हीं ठेवलेल्या नांवाशीं त्याचा झगडा होणार नाहीं. मूटूल्सच्या खुंट्यानें जी अडचण केली ती येथें एका जोडरेघेनें टळली आहे.

ही कल्पना चांगली असली तरी तिचा मार्ग सरळ झाला नाहीं. २०१३ मध्यें गूगलनें पॉलिमर नांवाचा संग्रह काढला. जे ब्राउझर ही नवी सोय देत नसत त्यांत तिची नक्कल करून घटक चालविणें, हें त्याचें एक मोठें काम होतें. २०१४ मध्यें क्रोम ब्राउझरानें या योजनेची आरंभींची आवृत्ति चालू केली. पण इतर ब्राउझर करणारांचें तीवर एकमत झालेलें नव्हतें. घटक एका पृष्ठांतून दुसऱ्यांत आणण्याची ‘एचटीएमएल इंपोर्ट्स’ ही चौथी सोयहि तींत होती. जाव्हास्क्रिप्टमध्यें त्याच कामाची मॉड्यूल नांवाची रीत येऊं घातली आहे, तिची वाट पाहावी, असें सांगून मोझिलानें २०१४ च्या डिसेंबरांत ती नाकारली. पुढें २०१७ मध्यें यूट्यूबनें आपलें नवें रूप पॉलिमरच्या साहाय्यानें आरंभींच्या आवृत्तीवर उभें केलें. २०१८ मध्यें मोझिलांतील एका अधिकाऱ्यानें जाहीरपणें म्हटलें कीं, तें पृष्ठ फायरफॉक्स व एज या ब्राउझरांत क्रोमपेक्षां पांचपट सावकाश उघडतें. कारण या दोन ब्राउझरांस नक्कल करणारा जादा भाग आधीं उतरवून घ्यावा लागे. जो नियम एकट्यानें ठरविला तो इतरांवर कर बसविल्यासारखा होतो, हें त्या वेळीं स्पष्ट दिसलें. २०२० मध्यें क्रोमनें ती आरंभींची आवृत्ति व एचटीएमएल इंपोर्ट्स हीं दोन्ही काढून टाकलीं.

मध्यंतरीं ब्राउझर करणारे एकत्र बसले, वाद झाले, कांहीं कलमें सोडून दिलीं गेलीं, आणि दुसरी आवृत्ति निघाली. ती २०१६ मध्यें क्रोममध्यें, २०१७ पर्यंत अ‍ॅपलच्या सफारीमध्यें, २०१८ च्या ऑक्टोबरांत फायरफॉक्समध्यें, आणि २०२० च्या जानेवारींत मायक्रोसॉफ्टच्या नव्या एजमध्यें आली. पहिल्या कल्पनेपासून चारहि ब्राउझरांपर्यंत येण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागला. घाई करणारास हा काळ फार वाटेल. पण चार प्रतिस्पर्धी कंपन्यांनीं एकाच सांध्यावर सही करण्यास आठ वर्षें लागणें हें आम्हांस नवल वाटत नाहीं. असा नियम एकदां ठरला म्हणजे कोणाहि एकास तो सहज मोडतां येत नाहीं, हाच त्या विलंबाचा मोबदला आहे.

यानंतर घटकसंग्रहांचें स्वरूप कसें पालटलें तें पाहण्यासारखें आहे. जें काम पूर्वीं संग्रह करीत तें ब्राउझर करूं लागल्यावर संग्रह लहान होऊं लागले. पॉलिमरच्या कर्त्यांनींच त्याच्या जागीं लिट नांवाचा अतिशय हलका संग्रह तयार केला. त्याची दुसरी आवृत्ति २०२१ मध्यें आली. आयोनिक कंपनीनें २०१७ मध्यें काढलेलें स्टेन्सिल हें साधन तर घटक रचून देतें व रचना झाल्यावर शक्य तितकें मागें सरतें. गिटहबनें आपल्या पृष्ठांवरील ‘इतक्या वेळापूर्वीं’ असें सांगणारा मजकूर दाखविण्यासाठीं स्वनिर्मित टॅग वापरले, आणि २०१८ मध्यें आपण जेक्वेरी पूर्णपणें काढून टाकल्याचें जाहीर केलें. २०२१ मध्यें अ‍ॅडोबीनें फोटोशॉप ब्राउझरांत आणलें, तेव्हां त्याचीं बटनें व पट्ट्या लिटवर आधारलेल्या घटकांनीं केल्या होत्या. कमान बांधतांना खालीं लांकडी सांचा देतात व चुना घट्ट झाल्यावर तो काढून घेतात. तो सांचा वांया गेला असें कोणी म्हणत नाहीं. जेक्वेरीची घटक शोधण्याची सुटसुटीत रीत आज ब्राउझरांत स्वभावतःच आहे. पॉलिमरनें केलेली नक्कल आतां अनावश्यक झाली आहे. संग्रहाचा खरा विजय त्याची गरज संपण्यांत असतो, असें या इतिहासावरून म्हणावें लागतें.

तथापि वेब कंपोनंट्स आले म्हणजे सर्व प्रश्न सुटले असें समजणें भाबडेपणाचें होईल. भिंत जशी रक्षण करते तशी अडवतेहि. भिंतीच्या आंतील लिहिण्याची चौकट बाहेरच्या अर्जाचा भाग आहे हें प्रथम ब्राउझरास कळत नसे. ती सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत येण्यास २०२३ साल उजाडलें. भिंतीसह तयार केलेला घटक सर्व्हरवरूनच पाठविण्याची रीत फायरफॉक्समध्यें २०२४ च्या फेब्रुवारींत आली. मूळ टॅगांचेच गुण घेऊन त्यांत भर घालण्याची एक रीत प्रमाणांत आहे, पण अ‍ॅपलनें ती तत्त्वतः नाकारली आहे.

यांपेक्षांहि महत्त्वाचा प्रश्न अंध व अपंग वाचकांचा आहे. ब्राउझरानें दिलेलें साधें बटन कळफलकावरील टॅब कळीनें गांठतां येतें, एंटर कळीनें दाबतां येतें, आणि पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रामास ‘मी बटन आहें’ असें सांगतें. तेंच बटन एखाद्यानें रिकाम्या चौकटीस रंग देऊन केलें, तर डोळस मनुष्यास तें अधिक सुंदर दिसेल. पण अंध मनुष्यास तेथें कांहींच नसेल, आणि ज्याचा हात माउस धरूं शकत नाहीं त्यास तें दाबतांहि येणार नाहीं. हा दोष दूर करण्यासाठीं घटकाची भूमिका व स्थिति शब्दांनीं सांगण्याचें एरिया हें प्रमाण २०१४ मध्यें मान्य झालें. परंतु एका भागाचें नांव दुसऱ्या भागांत आहे असें सांगणारे त्याचे दुवे शॅडो डॉमची भिंत सहज ओलांडीत नाहींत, आणि ही अडचण अद्याप पूर्णपणें सुटलेली नाहीं. म्हणून संग्रह निवडतांना त्याच्या रूपावर भुलण्यापूर्वीं माउस बाजूस ठेवून केवळ कळफलकानें त्यांतील प्रत्येक घटक चालवून पाहावा. जो संग्रह या परीक्षेंत उतरत नाहीं तो कितीहि नवा असला तरी अपुराच होय.

चौकटी व सार्वजनिक सांधा यांचें वैर असलेंच पाहिजे असेंहि नाहीं. बहुसंख्य रचणारे आजहि चौकटीच वापरतात, व मोठ्या कामांत त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. व्ह्यू व अँग्युलर यांनीं स्वनिर्मित टॅगांस पूर्वींच जागा दिली होती. २०२४ च्या डिसेंबरांत निघालेल्या रिअ‍ॅक्टच्या १९ व्या आवृत्तीनेंहि ती दिली. आतां एकदां केलेली दिनदर्शिका तिन्ही घरांत नांदूं शकते. आंतली मांडणी ज्याच्या त्याच्या आवडीची असावी, पण दाराचा सांधा सर्वांचा एक असावा, अशी ही व्यवस्था आहे. आणि मॅकिलरॉय यांनीं १९६८ मध्यें जी सूची मागितली होती तिच्या जवळ आपण या मार्गानेंच आलों आहों.

या सर्व इतिहासावरून विद्यार्थ्यांनीं काय घ्यावें? संग्रहांचीं नांवें पाठ करण्यांत फारसा अर्थ नाहीं. वर दिलेल्यांपैकीं निम्मीं नांवें आज मागें पडलीं आहेत, आणि उरलेल्यांतील कित्येक पुढील दहा वर्षांत पडतील. प्रथम एचटीएमएलचे मूळ टॅग, सीएसएस व जाव्हास्क्रिप्ट हीं नीट शिकावीं. कारण सर्व संग्रह त्यांच्याच पायावर उभे आहेत, आणि संग्रह गेला तरी तो पाया जात नाहीं. मूळ टॅगनें काम भागत असेल तेथें नवा घटक करूं नये. करावाच लागला तर तो सर्वमान्य सांध्यावर करावा, म्हणजे आपण तें काम सोडून गेल्यावरहि दुसऱ्या कोणास तो वापरतां येईल. सर्नमधील पहिल्या पृष्ठांचा मजकूर आजच्या ब्राउझरांतहि वाचतां येतो. त्यांत रंग नाहींत, हालचाल नाहीं. पण ज्या नियमानें तीं लिहिलीं गेलीं तो कोणा एकाच्या मालकीचा नव्हता, आणि नंतर आलेल्यांनीं तो मोडला नाहीं. आपण रचलेलें पृष्ठ तितकीं वर्षें वाचलें जावें अशी ज्याची इच्छा असेल, त्यानें घटक निवडतांना त्याच्या चकाकीपूर्वीं त्याचा सांधा पाहावा.